त्रयस्थाचा अर्ज



वाचनालयाच्या कार्यवाहांनी महिन्यापूर्वी फोन करून या व्याख्यानाचा विषय विचारला. मी म्हटलं, "एल.एल.एम.चा प्रबंध." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे जनरल पब्लिक असतं हो." त्यांचं काही चुकलं नाही. एवढ्या उकाड्यात येऊन बसलेल्या माणसांना कायद्याच्या एका पदव्युत्तर परीक्षेबद्दल तासभर ऐकवणं म्हणजे जुलूमच. तरी मी हट्ट सोडला नाही. ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सगळी हयात याच गावच्या कोर्टात घालवली, आणि माझा विषय अशाच गावच्या कोर्टातल्या कागदांचा आहे.

बाररूममध्ये एल.एल.एम.बद्दल दोन समजुती आहेत. ज्याची प्रॅक्टिस चालत नाही तो एल.एल.एम. करतो, ही पहिली. लॉ कॉलेजात नोकरी हवी असेल तर ते उरकून टाकावं लागतं, ही दुसरी. मी अकरा वर्षं वकिली करून एल.एल.एम.ला नाव घातलं तेव्हा माझ्याबद्दल पहिली समजूत पसरली. ती सपशेल खोटी होती असं मी शपथेवर सांगणार नाही.

पण मला खरी अडचण आली ती नक्कल विभागाच्या खिडकीपाशी. प्रबंधासाठी पोटगीच्या प्रकरणांचे रोजनामे मला बघायचे होते. जे कोर्टाची पायरी चढलेले नाहीत (आणि कधी चढू नयेत) त्यांच्यासाठी सांगते: रोजनामा म्हणजे त्या तारखेला त्या प्रकरणात काय घडलं, याची एक-दोन ओळींची नोंद. नकलेच्या अर्जात आपण कोणत्या पक्षातर्फे हे लिहायचं असतं. अकरा वर्षं मी ते विचार न करता लिहीत आले होते. वादीतर्फे, आरोपीतर्फे, अर्जदारातर्फे. त्या दिवशी पेन अडलं. खिडकीतल्या कारकुनांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणाकडून?" मी म्हटलं, "कोणाकडूनच नाही." ते म्हणाले, "मग तुम्हाला नक्कल कशाला पाहिजे?"

प्रश्न रास्त होता. जो पक्षकार नाही त्याने कारण दाखवून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. मी अर्जावर "त्रयस्थ" असं लिहिलं आणि कारणाच्या जागी "अभ्यास". परवानगी मिळाली, पण त्या शब्दाची सवय व्हायला मला पुढची दोन वर्षं लागली.

कारण वकील निकालापासून सुरुवात करतो. अशिलाला काय हवं ते आधी ठरलेलं असतं. मग आपण त्याला आधार शोधत मागे मागे जातो. छापील निवाड्यांचे, ए.आय.आर.चे, खंड काढायचे, आपल्या बाजूचे निवाडे चिठ्ठ्या घालून ठेवायचे, विरुद्ध जाणारे समोरच्याने काढले तर त्यांतली वस्तुस्थिती कशी वेगळी आहे ते दाखवायचं. हा अप्रामाणिकपणा नव्हे, हा पेशा आहे. दोन्ही बाजू अशा लढल्या की मधून काहीतरी सत्य बाहेर येईल, या विश्वासावर आपली न्यायपद्धती उभी आहे. प्रबंधात मात्र समोर कोणी नसतं. विरुद्ध पुरावाही आपणच शोधायचा, आपणच मांडायचा, आणि तो जड भरला तर आपलं म्हणणं आपणच मागे घ्यायचं. एल.एल.बी.ची वर्षं आणि पुढची सगळी वकिली यांत हे कोणी शिकवत नाही. शिकवलं तर उपाशी मरायची वेळ येईल.

आता आपल्याकडे या पदवीत संशोधनाला किती जागा आहे ते पाहा. एल.एल.एम. पूर्वी सगळीकडे दोन वर्षांची होती. 2013 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती एका वर्षातही करता येऊ लागली. त्या आराखड्यात संशोधनपद्धती हा विषय सक्तीचा आहे, ही चांगली गोष्ट. पण वर्षभरात सक्तीचे विषय, ऐच्छिक विषय, परीक्षा हे सगळं सांभाळून प्रबंध लिहायचा, म्हणजे सणाच्या दिवशी पाहुणे दारात उभे असताना पुरणाची डाळ भिजत घालण्यासारखं आहे. पुढे 2021 मध्ये बार कौन्सिलने एक वर्षाची एल.एल.एम. बंद करणारे नियम काढले, ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि वाद वर्ष एक की दोन यावरच घुटमळत राहिला. ब्रिटनमधल्या, ऑस्ट्रेलियातल्या काही विद्यापीठांत केवळ संशोधनातून मिळणारी एल.एल.एम. असते. तिथे वर्ग जवळजवळ नसतात. एक प्रश्न, एक मार्गदर्शक आणि शेवटी एक प्रबंध. आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. पण पदवीच्या मध्यभागी प्रश्न असतो, ही गोष्ट तिथे निदान स्पष्ट असते.

आपल्याकडे मध्यभागी शीर्षक असतं. कोणत्याही लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन प्रबंधांच्या कपाटासमोर उभे राहा. काळं किंवा मरून बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आणि दर दुसऱ्या पाठीवर "एक चिकित्सक अभ्यास". बालकामगार कायदा : एक चिकित्सक अभ्यास. माहितीचा अधिकार : एक चिकित्सक अभ्यास. आत पहिल्या प्रकरणात वेदकाळ, दुसऱ्यात ब्रिटिशकाळ, तिसऱ्यात कायद्याची कलमं, चौथ्यात निवाडे, पाचव्यात "कायद्याची अंमलबजावणी अधिक प्रभावीपणे व्हावी" अशी सूचना. माझा पहिला सिनॉप्सिसही, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, असाच होता. "पोटगीचा कायदा" आणि पुढे ते तीन शब्द. माझ्या मार्गदर्शकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात तुम्हाला माहीत नाही असं काय आहे?" मी म्हटलं, "सर, सगळं माहीत आहे, पोटगीची प्रकरणंच तर चालवते मी." ते म्हणाले, "मग लिहिता कशाला?"

आठवडाभर मी चिडलेली होते. मग एक गोष्ट लक्षात आली. पोटगीचा हुकूम कसा मिळवायचा हे मला पाठ होतं. हुकूम मिळाल्यावर पैसे बाईच्या हातात पडतात का, हे मला माहीत नव्हतं. हुकूम झाला की आम्ही पेढे खायचो आणि फाइल बांधून ठेवायचो.

हा झाला प्रश्न.

लहान प्रश्नाला लोक घाबरतात. यात काय पानं भरणार, असं वाटतं. मला अशा वेळी महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आठवतात. त्यांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर नावापुढे एम.ए., एल.एल.एम. असं छापलेलं असे. मुंबई हायकोर्टाचे वकील. त्यांनी हाती घेतलेलं काम तसं मर्यादित होतं: नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'ची चिकित्सक आवृत्ती. (चिकित्सक हा शब्द इथे शोभतो.) नीलकंठांचं घराणं मूळ पैठणचं, काशीत स्थायिक झालेलं. त्यांचा सतराव्या शतकातला हा ग्रंथ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात वारशाच्या वादांत इंग्रजी कोर्टांनीही प्रमाण मानला. त्याच्या आधाराने मुंबई इलाख्यात बहिणीला वारसांच्या रांगेत वरची जागा मिळाली. असा ग्रंथ, त्याला प्रस्तावना हवी, आणि प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास हवा. त्या थोड्या इतिहासाचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. 1930 मध्ये 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चा पहिला खंड आला, पाचवा 1962 मध्ये पुरा झाला, पानं सहा हजारांवर गेली. 1963 मध्ये भारतरत्न. एका प्रस्तावनेपायी! काण्यांनी सुरुवातीलाच "धर्मशास्त्र : एक अभ्यास" असा सिनॉप्सिस दिला असता तर तो दोनशे पानांत आटोपला असता, असं मला उगीच वाटतं.

तर माझ्या लहान प्रश्नासाठी रेकॉर्ड रूम. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, उंदरांचा वास, आणि वर फिरणारा एकमेव पंखा, ज्याने कागद उडतात म्हणून तो बंद ठेवायचा. तेव्हाच्या फौजदारी संहितेत पोटगीचं कलम 125 होतं; 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली आणि तेच कलम 144 झालं. आकडा बदलला, गाठ तीच राहिली. नवऱ्याने पैसे थकवले तर बाईने पुन्हा अर्ज करायचा, वसुलीचा. मग वॉरंट निघतं. तरी पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि एक अट बारीक अक्षरात: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट नाही. म्हणजे नवरा हटून बसला तर बाईने आयुष्यभर दरसाल कोर्टात यायचं. कायद्याच्या पुस्तकात हे एक परंतुक आहे. रोजनाम्यात ते माणसाच्या वयासारखं वाढत जातं.

मी गृहीतक धरून बसले होते: उशीर कोर्टामुळे होतो. न्यायाधीश रजेवर, कोरम नाही, पोलिसांनी वॉरंट बजावलं नाही. वकिलाचं आवडतं गृहीतक. आपण सोडून सगळे दोषी. रोजनामे वाचू लागले तशी ही कारणं सापडलीच. "वॉरंट बिनबजावणी परत" हे शब्द मी इतक्यांदा उतरवले की शेवटी मी त्यासाठी खूण ठरवली. पण आणखी एक नोंद वारंवार येत होती, आणि ती मला नको होती. "अर्जदार गैरहजर." म्हणजे बाईच आलेली नाही. काही प्रकरणांत सलग तीन-चार तारखा अर्जदार गैरहजर आणि मग अर्ज निकाली.

माझ्यातल्या वकिलाने ताबडतोब सल्ला दिला की या नोंदी तळटीपेत घाल. सामनेवाल्याच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं? उद्या कोणी म्हणेल, बायकांनाच पैसे नको असतात, नुसता छळायला अर्ज करतात. मार्गदर्शकांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुमचं वकीलपत्र कोणाचं आहे?" नक्कल विभागाच्या कारकुनांचाच प्रश्न, फक्त शुद्ध भाषेत. त्या नोंदी मी मुख्य मजकुरात घातल्या, स्वतंत्र प्रकरण करून. त्या का गैरहजर राहिल्या हे मात्र रोजनामा सांगत नव्हता. मी काही बायकांना गाठलं. कोणी मजुरीचा दिवस बुडतो म्हणाली, कोणी गाडीभाडं परवडत नाही म्हणाली, कोणी काहीच बोलली नाही. जुन्या प्रकरणांतल्या बायका कुठे शोधायच्या? प्रबंधातलं ते प्रकरण अर्धवट राहिलं. तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं आणि मी म्हटलं, हो, इथे मला कळलेलं नाही. वकील म्हणून हे वाक्य मी कोर्टात कधी उच्चारलेलं नव्हतं. जीभ जड झाली होती.

इथे कोणी विचारेल, त्रयस्थाच्या अशा कागद चाळण्याने जगात काय फरक पडतो? कधीकधी पडतो. आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांना पुन्हा सोडलं. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती. सगळी न्यायालयं संपली होती. प्रकरणात आता कोणाचा अशील नव्हता. 1979 च्या सप्टेंबरमध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी केलं ते एवढंच की निकालपत्र नीट वाचलं. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक निकालात कुठे पुसला गेला, ते ओळीवर बोट ठेवून दाखवलं. त्या पत्रानंतर देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईने संमती नव्हती म्हटलं की न्यायालयाने ते धरून चालायचं, असं पुराव्याच्या कायद्यात आलं. मोर्च्यांचं श्रेय मोर्च्यांना. पण आधी कोणीतरी तो निकाल, काहीही मिळणार नसताना, वाचला होता. आता मी शिकवते त्या एल.एल.एम.च्या मुलांना पहिल्या दिवशी ते पत्र वाचायला देते. संशोधनपद्धतीचं पाठ्यपुस्तक नंतर.

आता भाषेबद्दल थोडं बोलते, कारण माझ्या मते आपल्या संशोधनाचं खरं नुकसान तिथे होतं. 1998 पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. हायकोर्टाची आणि त्यावरची इंग्रजी, संविधानाच्या 348 व्या अनुच्छेदाप्रमाणे. आणि प्रबंध बहुतेक सगळे इंग्रजीत. त्यामुळे विद्यार्थी इंग्रजीतलं तेवढंच वाचतो, म्हणजे वरच्या न्यायालयांचे छापील निवाडे. खाली जिथे लाखो माणसांचं आयुष्य ठरतं तिथला मराठी कागद त्याच्या दृष्टीने नसतोच. संगणकावर मनुपत्र किंवा एस.सी.सी. असा निवाड्यांचा संग्रह उघडला की संशोधन झालं.

आणि ज्याने मराठी कागद वाचला त्याची वेगळीच पंचाईत होते. पोटगीच्या जवळजवळ प्रत्येक कैफियतीत, म्हणजे नवऱ्याच्या लेखी उत्तरात, एक वाक्य असतं: "गैरअर्जदार हा अर्जदारास नांदविण्यास तयार आहे." हे इंग्रजीत कसं लिहाल? मी आधी "एकत्र राहण्यास तयार" अशा अर्थाचं भाषांतर केलं. पण एकत्र तर भाडेकरूही राहतात. मग "सांभाळण्यास तयार" केलं. सांभाळणं म्हणजे खायला घालणं. नांदणं यांतलं काहीच नाही. सासरी, त्या घरच्या रीतीने, त्या घरची होऊन राहणं. बाई नांदते, पुरुष नांदवतो, आणि पुरुष "नांदायला गेला" असं आपण फक्त घरजावयाला, तेही हसून म्हणतो. संसारातल्या उतरंडीचा सगळा कायदा त्या एका क्रियापदात बसलाय. पोटगीच्या कलमात म्हटलंय की नवरा ठेवायला तयार असला तरी बाईला नकार द्यायला वाजवी कारण असेल तर पोटगी मिळेल. पण "नांदवायला तयार आहे" असं उघड्या कोर्टात म्हटलं की सगळी नजर बाईकडे वळते, आता काय म्हणणं आहे तुझं? इंग्रजी कलमात हे वजन नाही. ते मराठी कैफियतीत आहे.

रखमाबाईंचा खटला याच शब्दाभोवती फिरला होता. लहानपणी लग्न लागलेलं, पण त्या नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला गेल्याच नव्हत्या. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हींपुढे दावा आला तो वैवाहिक संबंध पुन्हा सुरू करून मागण्याचा. पिन्ही म्हणाले, जे कधी सुरूच झालं नाही ते पुन्हा सुरू कसं करणार? अपिलात तो निकाल टिकला नाही आणि 1887 मध्ये न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई तुरुंग पत्करायला तयार झाल्या. शेवटी तडजोड झाली, आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. इंग्रजांचा कायदा "पुन्हा"वर अडला होता, आपला समाज "नांदणं" यावर. या एका क्रियापदावर मराठीत एल.एल.एम.चा प्रबंध व्हायला हवा. मी विद्यार्थ्यांना सुचवत असते. ते विचारतात, "मॅडम, नोकरीच्या मुलाखतीत हे चालेल का?"

चालेल की नाही कोण जाणे. त्यांच्यामागे वेगळेच ससेमिरे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी प्रबंधातलं इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं, तर मुलं शब्द बदलून देणारी सॉफ्टवेअरं वापरायला लागली. माझ्याकडे एका प्रबंधात "सर्वोच्च न्यायालया"चं "सर्वात उंच कचेरी" होऊन आलं होतं. आता संगणक आख्खं प्रकरण लिहून देतो, नसलेल्या निवाड्यांसकट. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांना अशा बनावट निवाड्यांपायी पाच हजार डॉलर दंड झाला. मला याची फार धास्ती वाटत नाही. यंत्राला रेकॉर्ड रूममध्ये शिरता येत नाही, तो गठ्ठा कोणीतरी सोडावाच लागतो. धास्ती वाटते ती गठ्ठ्यांची. मुदत संपली की नियमाप्रमाणे रेकॉर्ड नष्ट होतं. वकील गेला की त्याची मुलं पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत, आणि घरातले कागद रद्दीवाल्याच्या तागडीत.

म्हणून शेवटी आज दुपारची गोष्ट सांगते. वकीलसाहेबांच्या चिरंजीवांनी त्यांच्या डायऱ्या या वाचनालयाला दिल्या आहेत. वरच्या माळ्यावर, दोन पत्र्याच्या ट्रंकांत. कार्यवाहांनी मला त्या उघडून दाखवल्या. वकिलाची डायरी ही अशिलाच्या विश्वासाची वस्तू असते, त्यामुळे त्या कोणाला, कशा दाखवायच्या याचा नियम वाचनालयाने आधी करावा आणि नावं झाकल्याशिवाय एकही पान बाहेर जाऊ देऊ नये, हे मी त्यांना सांगितलं आहे. मी स्वतः नावांवर कागदाची पट्टी धरून वाचत होते.

वकीलसाहेबांची सवय अशी की तारखेपुढे प्रकरण, त्यापुढे काय झालं, आणि समासात पेन्सिलीने एखादा शब्द. एका जुन्या पावसाळ्यातलं पान. पोटगी वसुली. अर्जदार गैरहजर, पुढची तारीख. पुढच्या महिन्यात तेच प्रकरण, अर्जदार गैरहजर. तिसऱ्या तारखेला अर्ज निकाली. कोर्टाच्या रोजनाम्यात असेल ते एवढंच असेल. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी क्रमाने अशा होत्या: "नदीला पूर, एस.टी. नाही." त्याखाली, "बाळंतपण, लेकीचं." आणि तिसऱ्या तारखेपुढे, "नवऱ्याकडे नांदायला गेली म्हणतात. खात्री करणे."

खात्री केली की नाही, ते पुढच्या पानांवर मला सापडलं नाही. दुसरी ट्रंक उघडायची राहिली आहे.